डेटाबेसची कामं करणारे एजंट: होस्टेड घ्यावेत की आपल्या यंत्रावर ठेवावेत?

माणदेशी

नमस्कार मंडळी,

पुण्यातल्या आमच्या छोट्या कंपनीत पतसंस्थांसाठी सॉफ्टवेअर बनतं. सभासद, ठेवी, कर्जं, पिग्मी, लाभांश, सगळं त्यात येतं. ग्राहक बहुतेक सांगली, सातारा, कोल्हापूर, सोलापूर भागातले. नव्या ग्राहकांचा डेटा एडब्ल्यूएसच्या (ॲमेझॉनच्या क्लाउडच्या) मुंबई रीजनमध्ये पोस्टग्रेस या डेटाबेसवर आहे. जुन्या पतसंस्थांनी मात्र मुख्य कार्यालयातच सर्व्हर ठेवलाय, त्यावर एसक्यूएल सर्व्हर हा मायक्रोसॉफ्टचा डेटाबेस आहे आणि तो हलवायला संचालक मंडळ तयार नाही.

आजवर एखाद्या टेबलात बदल करायचा तर आमच्यातला एक जण रिमोट डेस्कटॉपने आत शिरतो आणि स्क्रिप्ट चालवतो. कुठल्या पतसंस्थेत कुठली स्क्रिप्ट गेली त्याची नोंद एका एक्सेलमध्ये. हे आता थांबवायचंय. स्क्रिप्ट गिटमध्ये (कोडच्या प्रत्येक बदलाची नोंद ठेवणाऱ्या साधनात) राहतील, तिथून पाइपलाइन, म्हणजे ठरलेल्या पायऱ्यांची साखळी, सुटेल आणि प्रत्यक्ष काम एजंट, म्हणजे एखाद्या यंत्रावर बसून त्या पायऱ्या चालवणारा प्रोग्राम, करेल, इथपर्यंत सगळ्यांचं एकमत आहे. घोडं पुढे अडलंय.

आमचे सीटीओ (तांत्रिक प्रमुख) म्हणतात, एजंट सरसकट होस्टेड, म्हणजे सेवा देणाऱ्या कंपनीच्याच यंत्रांवर चालणारे, घ्या, यंत्रं सांभाळायला आपल्याकडे माणूस नाही. मला वाटतं प्रॉडक्शन डेटाबेसला हात लावणारा एजंट आपल्याच नेटवर्कमध्ये हवा. कामं चार प्रकारची आहेत: टेबलांतले बदल, रात्रीचा बॅकअप, तो बॅकअप उघडतो का याची चाचणी, आणि महिनाअखेरीच्या दुरुस्तीच्या स्क्रिप्ट. ज्यांनी दोन्ही प्रकार चालवलेत त्यांचे अनुभव हवेत.

निळाई

सीटीओंच्या बाजूने माझं मत. होस्टेड एजंटला दर जॉबसाठी (पाइपलाइनमधल्या एका कामासाठी) कोरं यंत्र मिळतं, काम संपलं की ते नष्ट होतं. पॅच, अँटीव्हायरस, भरलेली डिस्क, यातलं काहीही तुमच्या डोक्यावर नाही. पाइपलाइन चालवणाऱ्या सेवांपैकी मायक्रोसॉफ्टच्या अझुर डेव्हऑप्समध्ये खासगी प्रोजेक्टला महिन्याला १८०० मिनिटं फुकट मिळतात, गिटहबच्या फ्री प्लॅनमध्ये खासगी रिपॉझिटरीसाठी २०००. तुमच्या आकाराच्या कंपनीला सुरुवातीला तेवढी पुष्कळ झाली.

पारवा

तुमच्या ग्राहकांकडे आधीच पिग्मी एजंटांची फौज आहे, ती रोज संध्याकाळी न चुकता हिशेब देते. नव्या एजंटांकडूनही तेवढीच अपेक्षा ठेवा म्हणजे झालं!

(चर्चा चालू द्या, वाचतोय.)

जुना_डीबीए

माणदेशी, यंत्र कोण सांभाळणार हा प्रश्न दुसरा. पहिला असा की प्रॉडक्शनची किल्ली कोणाच्या हातात जाणार आणि डेटा कुठल्या वाटेने फिरणार. डेटाबेसच्या बाबतीत हे दोन मुद्दे वेबसाइट डिप्लॉय करण्यापेक्षा फार वेगळे पडतात.

तुमचा पोस्टग्रेस प्रायव्हेट सबनेटमध्ये (बाहेरून थेट पोहोचता न येणाऱ्या आतल्या नेटवर्कमध्ये) असेल, असावाच. होस्टेड यंत्र बाहेर कुठेतरी उगवतं, दर वेळी आयपी वेगळा. त्याला आत घ्यायचं तर फायरवॉलला भोक पाडावं लागतं. लोक मग काय करतात, तर अझुर एसक्यूएल या क्लाउड डेटाबेसवर 'अझुर सेवांना परवानगी द्या' हा चौकोन टिचकवतात. ती खूण म्हणजे ०.०.०.० चा नियम. तुमच्याच नव्हे, अझुरवरच्या कुठल्याही ग्राहकाच्या यंत्राला तिथून दारापर्यंत येता येतं, मग मधे फक्त पासवर्ड. आमच्या क्षेत्रातल्या किती जणांना हे ठाऊक आहे देव जाणे.

दुसरं, डेटाची वाट. एसक्यूएल सर्व्हरला बॅकअपची आज्ञा दिली की फाइल सर्व्हर स्वतः लिहितो, एजंट फक्त आज्ञा देणारा. पण पोस्टग्रेसचा बॅकअप घेणारं पीजीडम्प हे क्लायंट आहे, म्हणजे सर्व्हरला बाहेरून जोडणारा प्रोग्राम. ते ज्या यंत्रावर चालतं तिथून सगळा डेटा वाहतो. होस्टेड एजंटवर पीजीडम्प लावलंत तर प्रत्येक सभासदाचं नाव, पॅन, ठेव, थकबाकी एका परक्या यंत्राच्या डिस्कवर उतरते. साध्या प्लॅनमध्ये गिटहबचं ते यंत्र कुठल्या देशात उघडेल हे तुम्ही ठरवत नाही.

माझ्यापुरता नियम असा: बिल्ड आणि टेस्ट होस्टेडवर खुशाल करा. टेस्टसाठी डेटाबेस तिथेच कंटेनरमध्ये (प्रोग्राम चालवायच्या वेगळ्या, बंद कप्प्यात) उभा करा, बनावट डेटा भरा. प्रॉडक्शनला शिवणारं काम मात्र आतल्या एजंटने करायचं.

निळाई

जुना_डीबीए काका, तुम्ही मांडलेले धोके खरे आहेत, पण दुसरी बाजूही तेवढीच खरी आहे. आपल्या यंत्रावरचा एजंट म्हणजे प्रॉडक्शनच्या आत चोवीस तास उघडा असलेला दरवाजा. त्याच्या कामाच्या फोल्डरमध्ये मागच्या जॉबचा कचरा पडून राहतो, कधी त्यात कनेक्शन स्ट्रिंगसकट (डेटाबेसचा पत्ता आणि पासवर्ड) कॉन्फिग फाइल असते. पाइपलाइनच्या फाइलमध्ये बदल करू शकणारा प्रत्येक जण त्या यंत्रावर हवी ती आज्ञा चालवू शकतो. म्हणजे गिटची परवानगी तीच डेटाबेसची परवानगी होऊन बसते.

होस्टेडवर निदान कायमचे पासवर्ड ठेवायची गरज उरलेली नाही. ओआयडीसी या ओळख पटवायच्या पद्धतीने जॉबपुरतं टोकन मिळतं, थोड्या वेळात ते आपोआप मरतं. आणि मोठ्या प्लॅनमध्ये होस्टेड रनर (गिटहब एजंटला रनर म्हणतं) आपल्या खासगी नेटवर्कला जोडायची सोयही आलीय.

तिठा

निळाईताईंच्या फोल्डरच्या मुद्द्याला जोड: गिटहबच्या रनरला नोंदणीच्या वेळी इफेमेरल हा पर्याय देता येतो. एक जॉब झाला की रनर स्वतःची नोंद काढून टाकतो, पुढच्या जॉबसाठी नवा कंटेनर उभा करायचा. कंटेनर सांभाळणारं कुबर्नेटीस असेल तर हे आपोआप होतं. अझुरच्या एजंटला वन्स हा पर्याय आहे. आपलं यंत्र असूनही दर वेळी कोरी पाटी.

आणि होस्टेड म्हणजे सुरक्षित असं धरून चालू नका. जानेवारी २०२३ मध्ये सर्कलसीआय या होस्टेड पाइपलाइन देणाऱ्या कंपनीने आपल्या सगळ्या ग्राहकांना साठवलेली सगळी गुपितं (पासवर्ड, टोकन) बदलायला सांगितली होती, त्यांच्या एका इंजिनीअरच्या लॅपटॉपमध्ये मालवेअर शिरलं होतं. मार्च २०२५ मध्ये टीजे-ॲक्शन्सची 'चेंज्ड-फाइल्स' ही लोकप्रिय गिटहब ॲक्शन (पाइपलाइनमध्ये वापरायचा तयार तुकडा) कोणीतरी बदलली आणि ती वापरणाऱ्यांची गुपितं बिल्डच्या लॉगमध्ये छापली जाऊ लागली. ती बदललेली ॲक्शन आपल्या रनरवरही तशीच चालली असती. त्यामुळे बाहेरची ॲक्शन टॅगवर (मागून हलवता येणाऱ्या नावावर) न घेता कमिटच्या पूर्ण हॅशवर (न बदलणाऱ्या ओळखक्रमांकावर) बांधून घ्या.

रात्रपाळी

मला कोणी वेळेबद्दल बोललेलं दिसलं नाही. डेटाबेसच्या कामात खरी फसगत तिथेच होते.

अझुरच्या फुकट होस्टेड एजंटवर खासगी प्रोजेक्टचा एक जॉब ६० मिनिटांत मारला जातो, पैसे भरले तर ३६० मिनिटांत. गिटहबच्या होस्टेडवर सहा तास. वेब ॲप डिप्लॉय करणाऱ्याला सहा तास म्हणजे चैन. पण खतावणीच्या मोठ्या टेबलात सगळ्या जुन्या नोंदींना नवा कॉलम भरायचा असेल, किंवा बॅकअप रिस्टोअर करून पूर्ण तपासायचा असेल, तर ही मर्यादा कधी येऊन आदळेल सांगता येत नाही.

आणि एक खाचखळगा: अझुरमध्ये एजंट आपला असला तरी जॉबची मुदत तुम्ही काही लिहिली नाही तर ती ६० मिनिटंच धरली जाते. टाइमआउट शून्य लिहिलं तरच आपल्या एजंटवर जॉब हवा तेवढा चालतो. 'एजंट आपला, मग कोण मारणार' असं समजून लोक निवांत असतात आणि बरोबर एका तासाने काम अर्धवट पडतं.

अर्धवट पडल्यावर काय होतं ते साधनावर अवलंबून आहे. टेबलांतले बदल क्रमाने चालवणारं लिक्विबेस हे साधन एका टेबलात लॉकची ('माझं काम चालू आहे' अशी) नोंद करतं. एजंट अचानक मेला तर ती नोंद तशीच राहते. पुढची प्रत्येक पाइपलाइन 'लॉकची वाट बघतोय' एवढंच सांगत बसते आणि शेवटी पडते. रिलीज लॉक्सची आज्ञा देऊन ती नोंद हाताने सोडवावी लागते, त्याआधी दुसरं कोणी खरंच काम करत नाही ना याची खात्री करून. तसंच दुसरं साधन फ्लायवे पोस्टग्रेसवर ॲडव्हायजरी लॉक वापरतं, सेशन (डेटाबेसशी जोडणी) मेलं की तो सुटतो. पण मायएसक्यूएल किंवा ओरॅकल या डेटाबेसवर टेबलाच्या रचनेतला प्रत्येक बदल आपोआप कमिट (कायम) होतो, म्हणजे दहा ओळींच्या स्क्रिप्टमधल्या चार झाल्या आणि सहा राहिल्या अशी अवस्था येते. तिथे एका फाइलमध्ये एकच बदल लिहायची शिस्त पाळा.

वाळवण

नवखी आहे, सांभाळून घ्या. एजंट मेला तर डेटाबेसमधली क्वेरीही लगेच मरत नाही का?

जुना_डीबीए

वाळवणताई, छान प्रश्न. नाही मरत.

पोस्टग्रेसमध्ये क्वेरी सर्व्हरच्या प्रोसेसमध्ये चालते. समोरचा क्लायंट गेलाय हे तिला साधारणपणे उत्तर पाठवायच्या वेळी कळतं. तोवर ती राबत राहते. एकटाच अपडेट असेल, ट्रान्झॅक्शन (एकत्रच पूर्ण किंवा रद्द होणारा कामांचा गठ्ठा) उघडलेलं नसेल, तर तो पूर्ण होऊन कमिटही होतो. इकडे पाइपलाइन लाल दिसते, तिकडे काम झालेलं असतं. आपण घाबरून पुन्हा चालवलं तर व्याज दोनदा जमा! १४ व्या आवृत्तीपासून क्लायंट-कनेक्शन-चेक-इंटरव्हल नावाचं सेटिंग आलंय, ठरावीक वेळाने सर्व्हर बघतो की समोर कोणी आहे का. मुळात ते बंद असतं, सुरू करावं लागतं.

इंडेक्स 'कॉन्करंटली' (टेबलावरचं काम न थांबवता) बनवताना मधेच सुटलं तर अर्धवट इंडेक्स 'इनव्हॅलिड' अशी खूण घेऊन मागे राहतो. शोधायला उपयोगी नाही, पण प्रत्येक नव्या नोंदीला त्याचा भार मात्र पडतो. तो काढून पुन्हा बनवायचा. आणि हे कॉन्करंटली ट्रान्झॅक्शनच्या आत चालत नाही, त्यामुळे मायग्रेशनच्या (टेबलांतले बदल लावायच्या) साधनाला ती फाइल ट्रान्झॅक्शनबाहेर चालव असं सांगावं लागतं.

एसक्यूएल सर्व्हरवर कनेक्शन तुटलं की रोलबॅक, म्हणजे झालेलं काम उलट फिरवणं, सुरू होतो. मोठा अपडेट असेल तर रोलबॅकला मूळ कामापेक्षा जास्त वेळ लागू शकतो. त्या काळात सर्व्हर रीस्टार्ट करायचा मोह आवरा, उठल्यावर तो उरलेला रोलबॅक करतच बसणार.

आणि पोस्टग्रेसवाल्यांनी मायग्रेशनच्या पहिल्या ओळीत लॉक टाइमआउट लावायचाच. नाहीतर आपला आल्टर टेबल (टेबल बदलायची आज्ञा) कुठल्यातरी लांबलेल्या रिपोर्टच्या मागे थांबतो, आणि आल्टरच्या मागे काउंटरवरच्या साध्या सिलेक्टसुद्धा (डेटा वाचायच्या क्वेरी) रांगेत उभ्या राहतात. काउंटरवर बाई पासबुक घेऊन उभ्या आणि स्क्रीन गोठलेली. पाच सेकंदांत लॉक नाही मिळाला तर सोड, थोड्या वेळाने पुन्हा ये, एवढं एजंटला शिकवलं की हे टळतं.

वाळवण

बापरे. धन्यवाद काका, हे सगळं वहीत लिहून घेतलं.

सिएटलकर

एजंट होस्टेड की स्वतःचा यावर वाद चाललाय, पण मोठ्या घटना बघितल्या तर घाव दुसरीकडेच बसलेला दिसतो: एजंटला किती अधिकार दिले होते.

२४ मे २०२३. अझुर डेव्हऑप्सचा दक्षिण ब्राझीलमधला विभाग दहा तासांहून अधिक बंद होता. मायक्रोसॉफ्टने त्याचा अहवाल उघडपणे मांडलाय. जुने डेटाबेस स्नॅपशॉट (एखाद्या क्षणाच्या प्रती) पुसणारा एक जॉब पार्श्वभूमीला चालायचा. लायब्ररी बदलायच्या एका मोठ्या पुल रिक्वेस्टमध्ये (कोडमधला बदल स्वीकारायच्या प्रस्तावात) 'डेटाबेस पुसा' या कॉलच्या जागी 'सर्व्हर पुसा' हा कॉल गेला. जॉबने जुना स्नॅपशॉट शोधला आणि अख्खा सर्व्हर पुसला, त्यावरचे १७ प्रॉडक्शन डेटाबेस धरून. कोड तपासणाऱ्यांच्या नजरेतून ते सुटलं आणि टेस्टमध्येही पकडलं गेलं नाही. डेटा परत मिळाला, गेला तो वेळ.

त्या जॉबच्या ओळखीला सर्व्हर पुसायचा अधिकार नसता तर तीच चूक लॉगमधली एक एरर म्हणून संपली असती. म्हणून माणदेशी, आधी हे ठरवा: मायग्रेशनचा लॉगिन वेगळा, बॅकअपचा वेगळा, दुरुस्तीच्या स्क्रिप्टचा वेगळा. डेटाबेस पुसायचा अधिकार यांपैकी एकालाही नको. क्लाउडवर डिलीट प्रोटेक्शन लावून ठेवा.

हौशी_टेस्टर

सिएटलकर, +१. गिटलॅब या कोड साठवणाऱ्या सेवेची घटनाही इथे सांगायलाच हवी. ३१ जानेवारी २०१७ ला थकलेल्या इंजिनीअरने चुकीच्या सर्व्हरवर डेटा डिरेक्टरी पुसली, सुमारे ३०० जीबी. ती मानवी चूक होती, पण मला कायम आठवतं ते पुढचं. रोजचा पीजीडम्प बॅकअप मुळात होतच नव्हता. सर्व्हर ९.६ आवृत्तीचा आणि ज्या यंत्रावरून बॅकअप चालायचा तिथे पीजीडम्प ९.२ चं. जुनं पीजीडम्प नव्या सर्व्हरचा डम्प घ्यायला नकार देतं. नकाराचे ईमेल सुटत होते, पण डीमार्क या ईमेल पडताळणीच्या सहीअभावी ते नाकारले जात होते, कोणाला मिळालेच नाहीत. सहा तासांपूर्वी एका इंजिनीअरने हाताने घेतलेला स्नॅपशॉट होता म्हणून नुकसान तेवढ्यावर थांबलं.

एजंटच्या यंत्रावर कुठलं क्लायंट टूल कुठल्या आवृत्तीचं आहे हा प्रश्न म्हणूनच क्षुल्लक नाही. होस्टेड इमेज त्यांच्या सोयीने बदलते. आपलं यंत्र कोणी हात लावेपर्यंत तसंच राहतं. दोन्हीकडे उपाय एकच, टूल कंटेनरमध्ये घाला आणि आवृत्ती लिहून बांधून टाका. आणि 'बॅकअप झाला' या निरोपावर विसंबू नका. ठरलेल्या वेळेत निरोप आला नाही तर आरडाओरडा करणारी दुसरी व्यवस्था हवी. माणदेशींनी रिस्टोअरची चाचणी यादीत घातलीय हे वाचून फार बरं वाटलं, बहुतेक ठिकाणी तीच नसते.

कागदपत्री

कायद्याच्या बाजूने बघा जरा. रिझर्व्ह बँकेच्या एप्रिल २०१८ च्या आदेशानुसार पेमेंटचा डेटा भारतातच साठवावा लागतो. होस्टेड एजंट परदेशात उघडला आणि त्यावर डम्प उतरला तर?

तिठा

कागदपत्री, तो आदेश पेमेंट सिस्टिम चालवणाऱ्यांसाठी आहे. माणदेशींचे ग्राहक महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० खाली नोंदलेल्या पतसंस्था आहेत, त्यांना बँकेचा परवाना नाही. तो आदेश त्यांना थेट लागू होतो असं मी म्हणणार नाही. सर्ट-इनचे (केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेचे) २८ एप्रिल २०२२ चे निर्देश मात्र कंपन्यांनाही लागू आहेत: यंत्रणांचे लॉग १८० दिवस जपायचे आणि ठरावीक प्रकारचे सायबर प्रकार लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवायचे.

कागदपत्री

बरोबर, पतसंस्थेचा मुद्दा माझ्या ध्यानात आला नव्हता. पण त्यांच्यातल्या बऱ्याच जणांचे आरटीजीएस, एनईएफटी कुठल्यातरी बँकेमार्फत जातात. ती बँक करारात हीच अट घालू शकते, तेवढे करार तपासून घ्या.

लॉगच्या मुद्द्यावर मात्र इथे सगळ्यांनी थांबा. गिटहबवर जॉबचे लॉग मुळात ९० दिवसच राहतात. खासगी रिपॉझिटरीला मुदत वाढवता येते, पण ती आपण वाढवली तर. प्रॉडक्शनवर कोणी काय चालवलं याची सगळ्यात चांगली नोंद त्या लॉगमध्येच असते, ती तिसऱ्या महिन्यानंतर गायब होणं परवडणारं नाही.

माणदेशी

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. लॉगची मुदत लगेच बघतो.

क्लाउडवाल्या भागाचं चित्र बरंच स्पष्ट झालं. आता कार्यालयांतल्या सर्व्हरबद्दल कोणी सांगेल का? तिथे स्टॅटिक आयपी नाही, ब्रॉडबँड मनाला येईल तेव्हा जातं आणि बाहेरून आत कनेक्शन घ्यायचं तर प्रत्येक राउटरवर पोर्ट उघडावं लागेल.

मृद्गंध

अशाच कार्यालयांतल्या सर्व्हरांना सपोर्ट देणं हे माझं काम, कोल्हापुरात असतो. थोडं सविस्तर लिहितो.

पोर्ट अजिबात उघडू नका. अझुरचा असो वा गिटहबचा, आपल्या यंत्रावरचा एजंट स्वतःहून बाहेर ४४३ या पोर्टवर कनेक्शन करतो आणि 'माझ्यासाठी काम आहे का' विचारत राहतो. आत येणारं एकही पोर्ट लागत नाही. असल्या जागांसाठी हीच रचना योग्य आहे, आणि होस्टेड एजंट इथे बसतच नाही.

पण प्रत्यक्ष परिस्थिती माहीत हवी. 'सर्व्हर' म्हणजे बऱ्याच ठिकाणी कॅशियरच्या टेबलाखालचा टॉवर. संध्याकाळी शिपाई पंखे, दिवे आणि सर्व्हर एकाच क्रमाने बंद करतो, त्याला तेच सांगितलेलं असतं. यूपीएसच्या बॅटरीने केव्हाच मान टाकलेली. विंडोज अपडेट हवं तेव्हा रीस्टार्ट मागतं. त्यामुळे 'रात्री दोन वाजता सगळीकडे मायग्रेशन' हा बेत करू नका. आमच्याकडे सकाळी कार्यालय उघडल्यावर, काउंटर सुरू होण्याआधीचा अर्धा तास खरा उपयोगी पडतो. माणूस समोर असतो, फोन उचलतो.

काही बारीक गोष्टी. सलग १४ दिवस संपर्कात न आलेला रनर गिटहब यादीतून काढून टाकतं, पुन्हा नोंदवावा लागतो, आणि नोंदणीचं टोकन तासाभरात संपतं. म्हणजे टोकन व्हॉट्सॲपवर पाठवून 'सवडीने टाका' म्हणालात तर ते चालणार नाही. एजंटची सेवा ॲडमिनिस्ट्रेटरच्या नावाने चालवू नका, तिच्यासाठी वेगळं साधं खातं करा आणि डेटाबेसमध्ये त्याला हवे तेवढेच अधिकार द्या. यंत्रावर एसक्यूएल सर्व्हर एक्सप्रेस असेल तर त्यात एसक्यूएल सर्व्हर एजंट येत नाही, बॅकअपसाठी विंडोजचा टास्क शेड्युलर वापरावा लागतो.

आणि मार्चचे शेवटचे आठ-दहा दिवस, एप्रिलचे पहिले काही दिवस एजंटांना पूर्ण सुट्टी. तेरीज जुळेपर्यंत कोणत्याही टेबलाला हात लावायचा नाही. पाइपलाइनमध्येच तारखांची अडसर घाला, माणसाच्या आठवणीवर सोडू नका.

पारवा

शिपायाचा मुद्दा शंभर टक्के खरा. आमच्या गावच्या पतसंस्थेत स्विचवर 'बंद करू नये' अशी पाटी आहे, आणि पाटीखाली पुन्हा 'खरोखर बंद करू नये' अशी दुसरी!

जाता जाता विचारतो, हल्ली एआयवाले एजंट आलेत, ते स्वतःच एसक्यूएल लिहून चालवतात. ते नाही का चालणार?

सिएटलकर

पारवा, जुलै २०२५ मध्ये रेप्लिट या कोडिंग सेवेच्या एआय एजंटने एका उद्योजकाचा प्रॉडक्शन डेटाबेस पुसला होता, बदल करू नकोस असं बजावलेलं असताना. सूचना आणि अधिकार यांत हाच फरक. सूचना मोडता येते, नसलेला अधिकार वापरता येत नाही. स्क्रिप्टचा मसुदा लिहायला एआय घ्या, तो माणसाने वाचावा आणि चालवायचं काम बिनडोक एजंटने करावं.

निळाई

मृद्गंध यांचा प्रतिसाद वाचून कार्यालयांपुरतं माझं मत बदललं, तिथे होस्टेडचा प्रश्नच येत नाही. क्लाउडसाठीही आता इतकंच म्हणेन की आतला एजंट ठेवायचाच तर तो कंटेनरमध्ये, एका जॉबपुरता ठेवा.

रात्रीच्या बॅकअपबद्दल मात्र ठाम आहे: तो सीआयच्या (पाइपलाइन चालवणाऱ्या सेवेच्या) शेड्यूलवर टांगू नका, एजंट कुठलाही असो. गिटहबची वेळापत्रकं गर्दीच्या वेळी उशिरा सुटतात, हे त्यांच्याच माहितीपत्रकात लिहिलंय. शिवाय होस्टेड शेड्युलर सहसा यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) धरून चालतात. आपल्याकडे १ तारखेला रात्रीचे साडेबारा म्हणजे यूटीसीत आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी संध्याकाळचे सात. तो शेवटचा दिवस २८, ३०, ३१ काहीही असतो आणि साध्या क्रॉनमध्ये (वेळापत्रक लिहायच्या पद्धतीत) 'शेवटचा दिवस' लिहिता येत नाही. महिनाअखेरीची कामं या फटीत हमखास अडकतात. क्लाउडवर आरडीएसचे (एडब्ल्यूएसच्या डेटाबेस सेवेचे) स्वयंचलित बॅकअप चालू ठेवा, कार्यालयात स्थानिक शेड्युलर. पाइपलाइनने बॅकअप घेऊ नये, झालाय का ते तपासावं आणि आठवड्यातून एकदा रिस्टोअर करून बघावा.

जुना_डीबीए

निळाईताईंशी पूर्ण सहमत. बॅकअप डेटाबेसच्या जितका जवळ तितका भरवशाचा. इंटरनेट गेलं म्हणून बॅकअप राहिला असं होता कामा नये.

माणदेशी

सीटीओंशी बोलणं झालं. त्यांना हा धागा वाचायला दिला, मृद्गंध यांचा प्रतिसाद त्यांनी दोनदा वाचला. ठरलं ते असं: बिल्ड आणि टेस्ट होस्टेडवर, बनावट डेटावर. क्लाउडच्या मायग्रेशनसाठी प्रायव्हेट सबनेटमध्ये एका जॉबपुरता कंटेनर. कार्यालयांत प्रत्येकी एक एजंट, साध्या खात्यावर. बॅकअप स्थानिक शेड्युलरने, पाइपलाइन फक्त तपासणार. लिक्विबेस की फ्लायवे हे अजून ठरायचंय. यंत्रांच्या देखभालीसाठी एक जण अर्धवेळ नेमायला सीटीओ तयार झाले.

एक शेवटची शंका. इतक्या पतसंस्थांचे एजंट एकाच यादीत असणार. एकीची दुरुस्तीची स्क्रिप्ट दुसरीकडे जाणार नाही याची खात्री कशी करायची? माझी झोप उडवणारी गोष्ट हीच आहे.

रात्रपाळी

माणदेशी, तीन ठिकाणी अडवा, एकावर विसंबू नका.

पहिलं, प्रत्येक एजंटला संस्थेच्या कोडचं लेबल द्या आणि जॉबमध्ये तेच लेबल मागा. 'सेल्फ-होस्टेड' एवढंच मागितलंत तर जो मोकळा असेल तो एजंट काम उचलेल. अझुरमध्ये दर संस्थेला एजंटांचा वेगळा पूल (गट) केलात तर परवानग्याही वेगळ्या ठेवता येतात.

दुसरं, लेबल माणूस देतो आणि माणूस चुकीचं देऊ शकतो. म्हणून प्रत्येक डेटाबेसमध्ये संस्थेच्या कोडचं एका ओळीचं टेबल ठेवा, आणि दुरुस्तीच्या प्रत्येक स्क्रिप्टने पहिल्यांदा ते वाचून आपल्याला अपेक्षित कोडशी ताडावं. जुळलं नाही तर एरर देऊन तिथेच थांबायचं. एसक्यूएल सर्व्हरवर इथे सांभाळा: स्क्रिप्टमध्ये मधे 'गो' (तुकडे पाडणारा शब्द) असेल तर रेझ-एररनंतरही (चूक दाखवणाऱ्या आज्ञेनंतरही) पुढचे तुकडे चालू राहू शकतात. एसक्यूएलसीएमडीला (स्क्रिप्ट चालवणाऱ्या साधनाला) चूक आली की थांबण्याचा पर्याय, म्हणजे मायनस बी, देऊनच चालवा.

तिसरं, एका वेळी एका डेटाबेसवर एकच जॉब. गिटहबमध्ये कॉन्करन्सी ग्रुप संस्थेच्या कोडवरून बांधा, पण लक्षात ठेवा, मुळात रांगेत एकच जॉब थांबतो, तिसरा आला की आधी थांबलेला रद्द होतो. अझुरमध्ये एन्व्हायर्नमेंटवर एक्स्क्लुझिव्ह लॉक लावता येतो, तिथे सगळे रन क्रमाने चालवायचे की फक्त शेवटचा, हे लॉक बिहेवियरमध्ये निवडायचं. तुम्हाला क्रमानेच हवेत, कारण प्रत्येक स्क्रिप्ट आधीच्या स्क्रिप्टवर उभी असते.

संस्थेच्या कोडचं ते टेबल सगळ्यात आधी बनवा, एजंट बसवण्याच्याही आधी. आत्ता रिमोट डेस्कटॉपवरून चालवताय त्या स्क्रिप्टनाही ते उद्यापासून वापरता येईल.